अनुभव धागा: प्लेऑफमधले गार्ड, तुम्ही स्वतः पाहिलेले

एनबीएच्या ८२ सामन्यांच्या सीझनमध्ये खोऱ्यानं गुण ओढणारे गार्ड (बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणारे खेळाडू) भरपूर होऊन गेले. एप्रिलमध्ये प्लेऑफ (विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या) सुरू झाले की त्यातले किती जण टिकतात, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कोबी ब्रायंटनं २००५-०६ मध्ये सामन्यामागे ३५.४ गुण केले. त्याच वर्षी त्याचा संघ लॉस एंजेलिस लेकर्स फिनिक्सविरुद्ध ३-१ असे पुढे असूनही पहिल्या फेरीतच गेले. जेम्स हार्डननं २०१८-१९ मध्ये ३६.१ ची सरासरी गाठली आणि त्याचा संघ ह्यूस्टन दुसऱ्या फेरीत गोल्डन स्टेटकडून हरलं. मायकेल जॉर्डनचा हिशेब उलटा आहे. नेहमीच्या सीझनमध्ये ३०.१, प्लेऑफमध्ये ३३.४. खेळ कठीण झाल्यावर त्याचे गुण वाढत.

नेहमीच्या सीझनमध्ये समोरचा संघ कधी कधी आदल्या रात्री दुसऱ्या शहरात खेळून, विमानात झोपून आलेला असतो. प्लेऑफमध्ये तोच संघ सात सामन्यांपर्यंत समोर उभा राहतो. तुम्ही कुठल्या हाताला वळता, स्क्रीन (सोबत्यानं बचावपटूची वाट अडवणं) मिळाल्यावर थांबता की घुसता, सगळं त्यांच्या प्रशिक्षकांनी घोटून घेतलेलं असतं. तुमचा आवडता शॉट ते काढून घेतातच. त्यानंतर तुमच्याकडे काय उरतं, यावरून मी गार्ड जोखतो.

तुमचं मत वेगळं असू शकतं, आणि तेच वाचायचं आहे. विनंती एवढीच की नुसत्या सरासऱ्या मांडू नका. जी मालिका तुम्ही स्वतः पाहिली, जिच्यासाठी पहाटे उठलात किंवा रात्र जागलात, ती सांगा. जॉर्डन थोर आहे हे सगळ्यांना मान्य आहे, त्यामुळे इतरांबद्दल लिहिलंत तर जास्त आवडेल.

फिलीतला विद्यार्थी (आता न्यू जर्सी)

२००१. मी फिलाडेल्फियात शिकत होतो. गाड्यांच्या काचांना सिक्सर्सचे (तिथल्या संघाचे) छोटे झेंडे लावून सगळं शहर फिरत होतं. त्यांचा गार्ड अ‍ॅलन आयव्हर्सनची उंची जेमतेम सहा फूट, आणि त्या वर्षीचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तो.

सगळे लोक फायनलचा पहिला सामना सांगतात, लेकर्सविरुद्धचे ते ४८ गुण. लेकर्स त्या प्लेऑफमध्ये तोवर ११ पैकी ११ जिंकून आले होते आणि त्यांच्याच कोर्टवर, ओव्हरटाइममध्ये, फिलाडेल्फियानं त्यांना १०७-१०१ नं हरवलं. कोपऱ्यातून शॉट मारून खाली पडलेल्या लेकर्सच्या टायरन लूला ओलांडून आयव्हर्सन पुढे गेला, ते चित्र सगळ्यांना पाठ आहे. पण मला विचाराल तर त्याचा मोठेपणा त्याआधीच्या टोरंटोच्या मालिकेत दिसला. दुसऱ्या सामन्यात त्याचे ५४, तिसऱ्यात टोरंटोच्या विन्स कार्टरचे ५०, पाचव्यात पुन्हा आयव्हर्सनचे ५२. दोन गार्ड एकमेकांना उत्तर देत होते. सातवा सामना आला तेव्हा टोरंटोनं त्याच्यावर दोन-दोन माणसं सोडली आणि त्याचा नेम काही लागेना. तर या माणसानं, ज्याला सगळे 'पास न देणारा' म्हणून नावं ठेवायचे, त्यानं १६ असिस्ट (सोबत्याला गुण मिळवून देणारे पास) दिले. गुण फक्त २१. फिलाडेल्फिया ८८-८७ नं जिंकलं. कार्टर त्या दिवशी सकाळी नॉर्थ कॅरोलायनात पदवीदान समारंभाला जाऊन आला होता, आणि शेवटचा शॉट त्याच्याच हातून चुकला. टोरंटोचे लोक त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं बोल लावत राहिले. मला ते अन्यायाचं वाटतं. तो शॉट चांगला होता, बसला नाही.

फायनलमध्ये आयव्हर्सनची सरासरी ३५.६ होती, पण नेम ४१ टक्क्यांच्याही खाली. पुढचे चारही सामने लेकर्सनी घेतले. आकडे दाखवून कुणी त्याला 'फार शॉट मारणारा' म्हटलं तर एकच विचारतो: त्या संघात दुसरा कोण शॉट निर्माण करणार होता?

डलासची ताई

मी २००६ च्या फायनलबद्दल लिहिते, आणि त्याबद्दल लिहिताना आजही माझा आवाज चढतो. आम्ही २-० असे पुढे. तिसऱ्या सामन्यात मायामीत साडेसहा मिनिटं उरलेली आणि १३ गुणांची आघाडी. मग मायामीचा गार्ड ड्वेन वेड सुटला. त्या सामन्यात ४२ गुण, मालिकेत सरासरी ३४.७, आणि सलग चार सामने हरून आम्ही घरी.

पाचव्या सामन्यात एकट्या वेडनं २५ फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट) मारले. आमच्या अख्ख्या संघालाही २५च मिळाले. सहा सामन्यांत त्याचे फ्री थ्रो ९७. डलासमध्ये हा विषय काढलात तर जेवण थंड होईल. शिट्टी फार लवकर वाजत होती हे माझं मत कायम आहे. तरीही प्लेऑफमधल्या गार्डांच्या यादीत वेडला मी वरच ठेवते. दरवेळी तो थेट बास्केटखाली, उंच माणसांच्या गर्दीत शिरत होता, आपटत होता, उठत होता. जंपशॉटवर जगणारा गार्ड एखाद्या रात्री कोरडा जातो. अंगावर घेणाऱ्याला तसा दुष्काळ फारसा येत नाही.

२०११ ला हिशेब चुकता झाला. त्याच मायामीला आम्ही ४-२ नं हरवलं. जेसन टेरी, बाकावरून येणारा आमचा गार्ड, शेवटच्या सामन्यात २७ गुण करून गेला. त्यानं सीझन सुरू होण्याआधीच दंडावर ट्रॉफी गोंदवून घेतली होती. तुलनेच्या याद्यांत अशा गार्डांची नावं कधी येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

धागाकर्ता

ताई, टेरीबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं. फिलीवाले, सातव्या सामन्यातले १६ असिस्ट बहुतेकांना माहीतच नसतात.

मुंबई, नागपाड्याजवळ

माझा माणूस कोबी. लहानपणापासून नागपाड्यातले सामने बघत आलोय, तिथल्या पोरांच्या अंगावर तेव्हा ८ नाहीतर २४, त्याचेच नंबर दिसायचे.

त्याचे टोरंटोविरुद्धचे ८१ गुण (२२ जानेवारी २००६) किंवा शेवटच्या सामन्यातले ६० यांबद्दल बोलायचं नाही, ते प्लेऑफ नव्हते. मी सांगतो १८ जून २०१०, आपल्याकडची शुक्रवार सकाळ. बोस्टनविरुद्ध सातवा सामना. कोबीनं २४ पैकी ६ शॉट बसवले. बोस्टननं त्याला मधल्या पट्ट्यातली त्याची जागाच मिळू दिली नाही. पण त्याच सामन्यात त्याचे १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आहेत, गार्डचे! शेवटच्या क्वार्टरमध्ये तो फ्री थ्रोच्या रेषेवर जात राहिला, आणि एक मिनिट उरलं असताना त्याच्या पासवर सोबती रॉन आर्टेस्टनं थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) मारला. लेकर्स ८३-७९ नं जिंकले.

कोबीचे विरोधक '२४ पैकी ६' हा आकडा पुरावा म्हणून नाचवतात आणि चाहते त्या सामन्याचा उल्लेख टाळतात. माझ्यासाठी तोच त्याचा सर्वात मोठा प्लेऑफ सामना. शॉट बसत नाही म्हणून त्यानं बाकीची कामं सोडली नाहीत.

नागपूरहून, प्रशिक्षक

पिढ्यांची तुलना करताना दोन नियम लक्षात ठेवा. २००१-०२ पासून झोन डिफेन्सला (एकेका खेळाडूऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला) परवानगी मिळाली, म्हणजे एकट्यानं कोपऱ्यात चेंडू घेऊन खेळणं अवघड झालं. २००४-०५ पासून बाहेरच्या खेळाडूला हातानं अडवण्यावर कडक बंधन आलं, म्हणजे ड्रिबल करत घुसणं सोपं झालं. आयव्हर्सनची २००१ ची आणि हार्डनची २०१९ ची सरासरी शेजारी ठेवताना हे सोडून चालत नाही.

आता गोल्डन स्टेटचा स्टीफन करी. २०१६ च्या फायनलनंतर (३-१ आघाडी गेली, सातव्या सामन्यात १९ पैकी ६) 'नेहमीच्या सीझनचा राजा' असा शिक्का त्याच्यावर बसला. त्या वर्षी पहिल्या फेरीत त्याचा गुडघा दुखावला होता, ते कुणी मोजत नाही. २०२२ मध्ये बोस्टनशी चौथा सामना, गोल्डन स्टेट २-१ नं मागे, बोस्टनचा बचाव लीगमधला सर्वोत्तम, त्यांचा मार्कस स्मार्ट वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू. आदल्या सामन्यात करीच्या पायावर बोस्टनचा हॉरफर्ड पडलेला. करीनं ४३ गुण आणि १० रिबाउंड केले. शनिवारी सकाळी माझ्या मुलांचा सराव पुढे ढकलून सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं.

पण मुलांना मी पुन्हा पुन्हा दाखवतो तो पाचवा सामना. करीनं नऊ थ्री मारले, एकही बसला नाही. सलग १३२ प्लेऑफ सामन्यांत किमान एक थ्री, हा क्रम तिथे तुटला. आणि गोल्डन स्टेट १०४-९४ जिंकलं! कारण हातात चेंडू नसतानाही तो पळत राहतो, दोन बचावपटू त्याच्या मागे ओढले जातात, आणि उरलेल्या तीन बचावपटूंना चौघांशी खेळावं लागतं. त्याच्या सोबत्यानं, विगिन्सनं, २६ केले. स्कोअरर म्हणून मोजायचं तर हेही मोजा.

शिकागो

जॉर्डन नको म्हणालात, पण एकच. १९८८, ८९, ९० अशी सलग तीन वर्षं डेट्रॉइटनं त्याला आपटून हरवलं. १९९१ मध्ये त्याच डेट्रॉइटचा ४-० पराभव. तीन वर्षांचं उत्तर त्यानं अंग कमावून आणि सोबत्यांवर विश्वास टाकून दिलं. बस्स.

लॉस एंजेलिसचे आजोबा

मी १९६८ साली शिकायला इथे आलो. क्रिकेट नाही, म्हणून रेडिओवर लेकर्सच्या सामन्यांचं चिक हर्न यांचं समालोचन ऐकू लागलो. तुमच्या कुणाच्याच यादीत लेकर्सचा गार्ड जेरी वेस्ट नाही, म्हणून हा प्रपंच.

१९६९ ची फायनल, समोर बिल रसेलचं बोस्टन. पहिल्याच सामन्यात वेस्टचे ५३ गुण. पाचव्यात मांडीचा मागचा स्नायू दुखावला. सातवा सामना आमच्या फोरममध्ये (लेकर्सच्या स्टेडियममध्ये), मालकानं विजयाचे फुगे आधीच छताला टांगून ठेवलेले. वेस्टनं दुखऱ्या पायावर ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट केले. तरी बोस्टन १०८-१०६ नं जिंकलं. त्यांच्या डॉन नेल्सनचा एक शॉट रिंगवर आपटून वर उडाला आणि परत आत पडला.

फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो वेस्टला मिळाला, हरलेल्या संघातल्या खेळाडूला. त्यानंतर आजवर तसं घडलेलं नाही. बोस्टनकडून तो सहा फायनल हरला. १९७२ ला एकदाचं विजेतेपद आलं, पण त्या फायनलमध्ये त्याचा नेम पार हरवलेला होता. आता सांगा, बोटातल्या (विजेत्यांना मिळणाऱ्या) अंगठ्या मोजून १९७२ चा वेस्ट १९६९ च्या वेस्टपेक्षा मोठा ठरवायचा का?

धागाकर्ता

आजोबा, फुग्यांची गोष्ट वाचली होती, पण तो काळ जगलेल्या माणसाकडून आज पहिल्यांदा ऐकतोय. अजून लिहा.

पुणे, पॉइंट गार्ड, वय १९

मी स्वतः खेळते. माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम मालिका २०२५ ची फायनल. पहिल्या सामन्यात इंडियानाचा गार्ड हॅलिबर्टननं ०.३ सेकंद उरले असताना ओक्लाहोमा सिटीविरुद्ध संघाला जिंकवलं. त्या मोसमात गुणांच्या यादीत तो वरती कुठेच नव्हता, तरी शेवटचा चेंडू त्याच्या हातात असला की ओक्लाहोमा सिटीचे चाहते श्वास रोखून धरायचे. मग सातव्या सामन्यात त्याचं टाचेचं अकिलीस तुटलं. मला रडू आलं.

आणि ओक्लाहोमा सिटीचा शे गिलजस-अलेक्झांडर. त्या वर्षी सर्वाधिक सरासरी (३२.७), एमव्हीपी आणि फायनलचा एमव्हीपी, तिन्ही एकाच मोसमात. २००० मधल्या शॅकिल ओनीलनंतर पहिल्यांदाच. चौथ्या सामन्यात संघ २-१ नं मागे, आणि त्याच्या ३५ पैकी १५ गुण शेवटच्या साडेचार मिनिटांतले. थांबून, खांदा देऊन.

डायना टॉरासीचं नावही हवं. डब्ल्यूएनबीएमध्ये (महिलांच्या लीगमध्ये) १०,००० गुण करणारी पहिली खेळाडू, फिनिक्ससाठी तीन विजेतेपदं, त्यातल्या २००९ आणि २०१४ च्या फायनलची एमव्हीपी. गार्डांच्या चर्चेत तिला वगळायचं कारण नाही.

प्रशिक्षक सर, एक विचारते. शेवटच्या पाच मिनिटांत पाय जड झाल्यावर माझा जंपशॉट रिंगच्या पुढच्या कडेलाच लागतो. शेचा तसा का लागत नाही?

नागपूरहून, प्रशिक्षक

बेटा, तो फार वर उडत नाही, म्हणून. त्याचा शॉट वेग मोडण्यावर उभा आहे. बचावपटू मागे रेलला की तो थांबतो आणि मोकळी झालेली जागा घेतो, त्यामुळे पायांवर भार कमी पडतो. तू सरावाच्या सुरुवातीला मारतेस ते शॉट शेवटी ने. आधी धावून दमून घे, मग फ्री थ्रोच्या रेषेच्या दोन्ही कोपऱ्यांवर दोन ड्रिबल, थांब, शॉट. पुढच्या कडेला लागायला लागले की उंच उडी मारू नकोस, गुडघे थोडे जास्त वाकव. महिनाभर कर आणि इथेच कळव.