जिनिंगमध्ये सिगारेट चालत नाही, व्हेपवर यावं काय?

कापूसवाला_हिंगणघाट
नमस्कार मंडळी. मी हिंगणघाटजवळ एका जिनिंगमध्ये कामाले आहे, सिझनमध्ये 12-12 तास ड्युटी. हॉस्टेलपासून सिगारेट लागली, आता दिवसाच्या 10-12 होतात. पंचाईत अशी का आवारात माचीस काढाले बंदी, कापसाच्या गंजीले ठिणगी लागली तं सारंच गेलं, म्हणून दर वेळी गेटबाहेर टपरीवर जा लागते न मुकादम घड्याळ पाहत उभा. दिवाळीत पुण्याचा चुलतभाऊ आला तं त्यानं एक व्हेप (बॅटरीवरची ई-सिगारेट) देल्लं, हायलायटर पेनासारखं दिसते, टरबुजाचा वास, म्हणे जाळ नाही, राख नाही, बायकोलेही समजत नाही. चार दिवस ओढून राह्यलो, घशात थोडी खवखव आहे बाकी बरं वाटते. कोणी सिगारेट सोडून यावर आलं असन तं खरं खरं सांगजा. उपदेश नको, तो घरी फुकट भेटते.

ढेपेवाला_वणी
केलं आहे भाऊ, 2022 मध्ये. पहिले पंधरा दिवस भारी गेले, सकाळचा खोकला कमी झाला, मी तं गावभर सांगत फिरलो का सिगारेट सुटली. मंग ध्यानात आलं का सिगारेटले शेवट असते, बोटाले चटका बसला का फेकली, विषय संपला. याले शेवटच नाही ना बाप्पा! अंथरुणात, संडासात, ट्रॅक्टरवर, रात्री जाग आली तं उशीखालून काढून दोन झुरके. त्याच्यावर 5% लिहिलेलं होतं, म्हणजे आतल्या लिक्विडच्या एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्राम निकोटिन, हे मले मागून कळलं. मंग एका रात्री चार्जिंग संपली न त्यातच लाइट गेली, साडेअकराले गाडी काढून बसस्टँडवर सुटी सिगारेट शोधत हिंडलो मी. त्या दिवसापासून दोन्ही चालू. सिगारेट सोडाले गेलो न एकाच्या दोन सवयी घेऊन आलो.

नांगरधारी
पण इंग्लंडमध्ये तं सरकारी डॉक्टरच सांगतात ना का सिगारेट सोडाची असन तं व्हेप घ्या म्हणून? मंग आपल्याइथं काऊन बंदी?

एलएलबी_पण_शेतीच
सांगतात, खरं आहे. तंबाखू जळत नाही म्हणून डांबर न कार्बन मोनॉक्साइडचा मार कमी, हे कोणी नाकारत नाही. पण तिथं एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रामच्या वर निकोटिन चालत नाही, माल तपासलेला असते, न फेकाऊवाल्या व्हेपवर तं त्यांनीही जून 2025 पासून बंदी टाकली. आपल्याइथं 2019 च्या कायद्यानं बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, सारंच बंद. ओढणाऱ्यावर सरळ कलम नाही, पण साठा ठेवला तं 6 महिन्यांपर्यंत कैद नाही तं 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जे भेटते ते सारं चोरीछुपे आलेलं, आतमध्ये काय भरलं कोणाले विचारता? अमेरिकेत 2019 मध्ये फुप्फुसं खराब होऊन लोक मेले, ते मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या कार्ट्रिजनं, त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं निघालं. माल निराळा होता, पण बिनबिलाचा माल म्हणजे काय ते समजते. न दादा, त्या पेनात लिथियम बॅटरी न तापणारी कॉइल असते, गंजीजवळ तेही नेऊ नको.

खर्राग्रस्त_काका
पोरा, एक सांगून ठेवतो. ड्युटीवर धूर चालत नाही म्हणून मी खर्र्यावर (सुपारी-तंबाखू घोटलेली) आलो होतो. माचीस लागत नाही, वास नाही, पन्नीवर घोटला का दाबला गालात. आज तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, दोन जातात तेही कसेबसे, लग्नातलं वांग्याचं भरीत लागलं तं डोळ्यातून पाणी. डॉक्टर म्हणे सुपारीनं गालाच्या आतली कातडी आवळली. व्हेपचं मले समजत नाही, पण खर्र्याकडे पाहू नको.

मेडिकलवाला_आर्वी
माझ्या दुकानातून निकोटिनचं च्युइंगम जाते म्हणून सांगतो, अर्धे लोक चुकीचं खातात न मंग म्हणतात उचकी लागते, मळमळते. ते चघळत राहाचं नाही. हळूहळू चावाचं, चरचर लागली का थांबाचं न गालात दाबून ठेवाचं (यात आपल्या लोकांले शिकवा लागत नाही), चरचर गेली का पुन्हा दोन-चार दात. एक गोळी अर्धा तास. तोंडात असताना न त्याच्या आधी 15 मिनिटं चहा नाही, नाही तं निकोटिन लागतच नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असन तं 4 मिलिग्राम, नाही तं 2. चारवाल्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी आणजो, बीपी-हार्टचं काही असन तं आधीच विचारजो. तीनेक महिन्यांत कमी करत आणाचं. सिगारेटच्या पाकिटावर तंबाखू सोडाच्या मदतीचा 1800-11-2356 नंबर असते, तोही फुकटचा आहे, लावून पाहा.

कापूसवाला_हिंगणघाट
उठल्यावर अर्धा तास? मी तं चहाच्या आधी पेटवतो राजेहो, म्हणजे 4 वाला. सोमवारी सुट्टी आहे, सरकारी दवाखान्यात जाऊन चिठ्ठी आणतो. चुलतभावाले फोन केला का तुझं पेन घेऊन जा, तं म्हणते दुसऱ्या कोणाले देऊन टाक. कोणाले देऊ, मुकादमाले?

ढेपेवाला_वणी
देऊ नको कोणाले, बॅटरी आहे, चुलीत बी टाकू नको. न चहाचं ते 15 मिनिटाचं पाहून घेजो, जिनिंगमध्ये चहा दर तासाले येते.