‘पाठची’ : भाऊ गेल्यावरही ती पाठचीच का?

प्रश्न

मी कुमारवयातल्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिते आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, मुलगी आठवीतली. एप्रिलमध्ये तिचा मोठा भाऊ विहिरीत पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते. तोवर तेरवी होऊन दोन महिने झालेले, पाहुणे केव्हाच परतलेले. ‘शाळेत गेली की पोरीचं मन रमंल’ असं घरच्यांचं म्हणणं. आणि पहिल्याच दिवशी मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या मानव विकास बसमध्ये काही मुली तिच्या मागं लागतात.

मी अडले ती ‘पाठची’ या शब्दापाशी. गावात ओळख करून देताना म्हणतात, ‘हे त्याच्या पाठची.’ भाऊ गेल्यावरही किराणा दुकानातली बाई तिला विचारते, ‘तू त्या गेलेल्या पोट्ट्याच्या पाठची ना व?’ माझी एक मैत्रीण हस्तलिखित वाचते, ती पुण्याची. तिनं समासात लिहिलं, ‘भाऊच नाही तर पाठची कशी? धाकटी बहीण करा.’ मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येईना.

दुसरी अडचण बसमधल्या मुलींची. त्या जे करतात त्याला मी ‘चिडवणं’ लिहिलंय. वाचताना फार हलकं वाटतं.

प्रतिसाद, वर्ध्याहून

‘पाठची’ काढू नका, अशी हात जोडून विनंती.

हा ‘पाठ’ संस्कृत ‘पृष्ठ’वरून आलेला, म्हणजे शरीराची पाठ, स्त्रीलिंगी. पुस्तकातला ‘पाठ’ निराळा, तो ‘पठ्’ धातूचा आणि पुल्लिंगी. मुलीच्या ‘पाठवणी’चाही याच्याशी संबंध नाही, ‘पाठवणे’ हे ‘प्रस्थापय’वरून आलं. उलट नवरीसोबत पहिल्यांदा सासरी जाणारी ‘पाठराखीण’ आणि अडीअडचणीला उभा राहणारा ‘पाठीराखा’ हे दोघं याच पाठीचे.

आता ‘भावाच्या पाठची’ हे शब्द जरा थांबून बघा. यात पाठ कोणाची? भावाची. तो पुढं, ही त्याच्या मागं. ‘धाकटी’ म्हटलं की नुसतं वय कळतं. ‘पाठची’ म्हटलं की ती कुठं उभी आहे ते दिसतं. वावरात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एकामागं एक चालावं लागतं, शेजारी शेजारी चालायला जागाच नसते. अशा वाटेनं जी बहीण चार-पाच वर्षं भावामागं शाळेत गेली, तिला त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठ जास्त पाठ असेल. सदऱ्यावर घामाचा डाग कुठं उमटतो, दप्तराचा तुटलेला पट्टा सुतळीनं कसा बांधलाय, सगळं. तुमच्या कादंबरीत हे आधीच असेल तर उत्तम. नसेल तर बिनधास्त घ्या.

आणखी एक. भाऊ गेला की त्याच्याबद्दलच्या प्रत्येक वाक्याचा काळ बदलतो. ‘मला भाऊ आहे’चं ‘मला भाऊ होता’ होतं, आणि तेरा वर्षांच्या मुलीला तो ‘होता’ तोंडातून काढायला किती दिवस लागतात ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. ‘पाठची’ला मात्र काळ लागत नाही. ती त्याच्या पाठची होती असं कोणी म्हणत नाही, ती आहेच. सगळ्या घरात त्याच्याबद्दल वर्तमानकाळात बोलता येईल असा हा बहुधा एकच शब्द तिच्याजवळ उरलाय. मैत्रिणीच्या समासातल्या प्रश्नाला हे उत्तर द्या.

‘चिडवणं’ मात्र बदला. चिडवणं घडीभराचं असतं, आणि त्याला मोठ्यांचं ठरलेलं उत्तरही असतं : ‘तू चिडूच नको ना.’ म्हणजे दोष परत तिच्याच पदरात. ‘छळ’ म्हणावं तर तो सासरचा वाटतो, कोर्टाच्या कागदावरचा. ‘रॅगिंग’ कॉलेजचं झालं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९चा कायदा आहे, पण आठवीतल्या पोरीच्या तोंडी तो शब्द येत नाही. तिच्या तोंडी येईल तो ‘तरास’. ‘मले तरास देतेत.’ हा शब्द साधा दिसतो, पण संस्कृतात ‘त्रास’चा अर्थच भीती. आपण तो रोज डासांपासून दातांपर्यंत सगळ्यासाठी वापरून झिजवला. मुलगी वापरते तेव्हा खालची भीती शाबूत असते. १०९८ला, मुलांसाठीच्या मदतक्रमांकाला, फोन लावायची हिंमत एखादीनं केलीच, तरी तिकडं सांगायला तिच्याकडं हाच एक शब्द असणार. तो ऐकणाऱ्यानं हलका घेऊ नये, यासाठी तरी आपल्या पुस्तकांतून त्याचं वजन परत यायला हवं.

‘दादागिरी’ हा शब्दही तुमच्या कामाचा. ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ, त्याला फारसी ‘गिरी’ लागली, जशी मुलूखगिरीत. मुली करत असल्या तरी आपण दादागिरीच म्हणतो. जिचा दादा गेला तिच्यावर दादागिरी होते. पण हे निवेदनात सांगू नका. घरी ती भावाला ‘दादा’ म्हणत असेल आणि मास्तर वर्गात ‘दादागिरी बंद करा’ म्हणाले, तर तेवढ्यावर ती मान वर करेल. वाचणारं पोरगं बाकीचं समजून घेतं.

प्रतिसाद, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी

वरचं सगळं मान्य. मी फक्त कानावर पडलेलं सांगते. अशा मुलीला वर्गात जे ऐकून घ्यावं लागतं ते मुलांनी स्वतः बनवलेलं नसतं. ‘भावाले खाऊन बसली’ हे वाक्य मी सहावीतल्या मुलीच्या तोंडून ऐकलंय. तिला त्याचा अर्थही नीट ठाऊक नव्हता. मयतीला आलेल्या बायांच्या बोलण्यातून ते तिनं उचललं होतं, आणि ‘पांढऱ्या पायाची’ हेही तिथूनच.

आपल्याकडे ‘हाय खाल्ली’ असंही म्हणतात. भावाच्या मरणाची जिनं हाय खाल्ली, जी जेवत नाही, झुरणीला लागली, तिलाच ‘भावाला खाल्लं’ म्हणायचं. क्रियापद एकच. माझ्या त्या विद्यार्थिनीनं डबा उघडणंच सोडलं होतं. मला वाटलं भूक नसेल. कितीतरी दिवसांनी कळलं की डबा उघडला की मागच्या बाकावरून हळूच ‘खाय, खाय’ ऐकू यायचं. मी त्याच वर्गात रोज उभी होते, आणि हे मला अजून सलतं.

भाऊबीजेचा प्रसंग असेल तर जपून लिहा. भाऊ नसलेली चंद्राला ओवाळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पहिल्या वर्षी त्या पोरीला अंगणात ताट घेऊन ‘चंद्राले ओवाळ’ असं आईनं सांगायचं म्हणजे काय, हे आईच्या बाजूनंही दिसू द्या. माझ्या माहितीतल्या एका घरात आई ताट करून देऊन आत निघून गेली आणि पोरगी दिवा विझेपर्यंत तशीच उभी राहिली. चंद्र तेव्हा कडुनिंबाच्या मागं होता.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळं हस्तलिखित परत काढलं. ‘चिडवणं’ अकरा ठिकाणी होतं. दोन ठेवलेत, तिथं खरंच चिडवणंच आहे, भाऊ तिला चिडवतो ते. बाकी ठिकाणी मुलीच्या तोंडी ‘तरास’ केला आणि निवेदनात शब्दच काढून टाकला, मुली काय करतात तेवढं लिहिलं.

डब्याचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्या कथेत ते मी घेणार नाही, ते त्या मुलीचं आहे. पण ‘खाल्लं’ घेते. किराणा दुकानातली बाईच ते आधी म्हणेल, बसमधल्या मुली नंतर.

‘पाठची’ राहतेय. मैत्रिणीला फोनवर धुऱ्याचं सांगितलं, ती गप्प झाली आणि म्हणाली, राहू दे.

बसचा प्रसंगही बदलला. आधी ती ड्रायव्हरमागच्या बाकावर बसायची, मोठ्या माणसाजवळ सुरक्षित वाटावं म्हणून. आता ती थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसते. तिथं पत्र्याला पाठ टेकता येते, आणि मागून कोणी काही बोलू शकत नाही. बस खड्ड्यातून गेली की पत्रा पाठीला लागतो. ती सरकत नाही.