वडिलांच्या मृत्युपत्राला प्रोबेट घ्यावे की इन्व्हेंटरी घालावी?

फोंडेकर (प्रश्न):
माझे वडील गेल्या मे महिन्यात वारले. मागे आई, विवाहित ताई, मी आणि धाकटा भाऊ असे चौघे आहोत. वडिलांच्या नावावर फोंडा तालुक्यातील राहते घर, त्यामागचे कुळागर (माडापोफळीची बाग), दादरच्या एका सोसायटीतील सदनिका आणि बँकेत मुदत ठेवी आहेत. ठेवींवर नॉमिनी म्हणून भावाचे नाव आहे. वडिलांनी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन रीतसर मृत्युपत्र केले होते आणि त्यात 'माझी सर्व मालमत्ता धाकट्या मुलास' एवढेच लिहिले आहे. आईवडिलांचे लग्न गोव्यातच नोंदवलेले असून विवाहपूर्व करार झालेला नव्हता. दादरच्या सोसायटीचे सचिव प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला मागतात, तर गावातील जाणती माणसे सांगतात की इथे प्रोबेटच्या वाटेला कोणी जात नाही, इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याचे न्यायालयातील प्रकरण, घालावी लागते. आमच्यात अजून भांडण नाही, परंतु भावाला वाटते की सगळे त्याचेच झाले, आणि ताईला वाटते की लग्न होऊन गेल्यावर तिने काही मागणे बरे दिसणार नाही. यातील कोणाचे म्हणणे खरे धरावे?

डिचोलीकर वकील:
भावाचे आणि ताईंचे, दोघांचेही धरू नका. गोव्यात वारसा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेल्या नियमांनी ठरतो. ते नियम आता २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्यात आहेत आणि तो २०१६ पासून अमलात आहे. मृत्युपत्राआधी आईंकडे पाहा. विवाहपूर्व करार नसल्याने पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होती, तेव्हा सर्व मालमत्तेचा अर्धा भाग त्यांचा स्वतःचाच आहे. तो त्यांना वारसा म्हणून मिळत नाही, आधीपासूनच त्यांचा असतो, आणि वडिलांना तो मृत्युपत्राने कोणालाही देता येत नव्हता. उरलेल्या अर्ध्यापैकीही वडील निम्म्याचेच मृत्युपत्र करू शकत होते. बाकीचे निम्मे मुलांसाठी राखीव असते आणि त्यात विवाहित मुलगी मुलांच्या बरोबरीने येते. आकड्यांत सांगायचे तर एकूण मालमत्तेत आईंचा १/२, धाकट्याचा मृत्युपत्राने १/४ आणि राखीव भागातून १/१२ मिळून १/३, तुमचा १/१२ आणि ताईंचा १/१२. 'सर्व मालमत्ता' हे शब्द या मर्यादेतच वाचावे लागतील.

प्रोबेटने मृत्युपत्र खरे आहे एवढे सिद्ध होते. मालमत्ता नेमकी कोणाची, हे त्याने ठरत नाही. दादरच्या सदनिकेबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९ चा निर्णय सोसायटीसमोर ठेवावा. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात गोव्याबाहेर असली, तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होतो, असे त्यात म्हटले आहे आणि ते प्रकरणही मुंबईतील मालमत्तेचेच होते. त्यामुळे ती सदनिका इन्व्हेंटरीच्या यादीत धरा. मुंबईत मृत्युपत्र म्हटले की प्रोबेट ही जुनी सवय आहे, सचिवांना दोष देऊ नये.

पेडण्याची माहेरवाशीण:
ताईंसाठी एक गोष्ट लिहिते, कारण आमच्या घरी हीच गफलत झाली. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत वारशाने आलेली मालमत्ताही पतिपत्नी दोघांची होते. म्हणून इन्व्हेंटरीत ताईंबरोबर त्यांचे यजमानही पक्षकार होतील, आणि तुमची पत्नीसुद्धा. माझ्या भावांनी माझी सही घेतली आणि माझ्या यजमानांना विचारलेच नाही, तेव्हा सगळे कागद पुन्हा करावे लागले. ताईंना हक्क सोडायचाच असेल, तर तो सर्वांसाठी सरसकट सोडावा लागतो, 'धाकट्या भावासाठी सोडते' असे त्यात लिहून चालत नाही. मला विचाराल तर त्यांनी घाईने काही सोडू नये. बरे दिसण्याचा विचार भावांनीही करावा.

कुळागरवाला:
इन्व्हेंटरीत कुटुंबप्रमुख, ज्याला आमचे जुने वकील अजून काबेस द काझाल म्हणतात, तो मालमत्तेची आणि देण्यांचीही यादी देतो. मग मूल्यांकन होते आणि वारसांमध्ये आपसात बोली लागते. ज्याची बोली वरचढ ठरते त्याच्याकडे ती वस्तू जाते आणि आपल्या वाट्यापेक्षा जास्त झालेली रक्कम त्याने इतरांना रोख द्यावी लागते. मी भावावरच्या रागाने माडापोफळीच्या तुकड्यावर बोली चढवत नेली, तो तुकडा मिळाला, आणि पैसे उभे करण्यासाठी घरातले सोने मोडले. तुमचे कुळागर कोण शिंपणार, पोफळीवर कोण चढणार, हे आधी घरात बसून ठरवा. एकमत झाले तर न्यायालयात बोलीची पाळीच येत नाही.

फोंडेकर:
सर्वांचा आभारी आहे. मुदत ठेवी तरी भाऊ एकटा काढू शकेल का? आणि सगळ्यांचे एकमत असेल तर इन्व्हेंटरी हवीच का?

डिचोलीकर वकील:
नॉमिनीला बँक पैसे देते, पण तो ते वारसांच्या वतीने स्वीकारतो, मालक होत नाही. म्हणून ठेवीही यादीत धरा. आत्ता वाटण्या करायच्या नसतील, तर विशेष नोटरीपुढे सक्सेशन डीड करून वारस कोण ते नोंदवता येते आणि त्याच्या आधारे एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या नोंदीवर) म्युटेशनने, म्हणजे फेरफाराने, सर्वांची नावे लावता येतात. मालमत्ता मात्र त्याने वाटली जात नाही, एकत्रच राहते आणि विकायची झाल्यास आईंसह सर्वांच्या सह्या लागतात. तुमच्याकडे सर्व मालमत्ता एकालाच देणारे मृत्युपत्र आहे आणि मुंबईची सदनिकाही आहे, तेव्हा मी इन्व्हेंटरीच घातली असती. वकिलाकडे जाताना मृत्यूचा दाखला, आईवडिलांच्या विवाहनोंदणीचा उतारा आणि मृत्युपत्राची प्रमाणित प्रत बरोबर घ्या. पहिल्या भेटीला आईंनाही न्या, अर्धी मालमत्ता त्यांची आहे.