मदत हवी आहे: नऊ महिन्यांची लेक रांगत नाही, बसून सरकते. वॉकर आणावा का?

नमस्कार मंडळी,

लेकीला नववा महिना संपत आलाय. पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २ किलो ८००, आता ८ किलोच्या थोडं वर. आधाराशिवाय मस्त बसते, खुळखुळा या हातातून त्या हातात घेते, वरणभात, नाचणीची खीर, उकडलेलं अंडं सगळं खाते. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज चालू आहेत. पण रांगायचं नाव नाही! पालथी घातली की घर डोक्यावर घेते. त्याऐवजी एक पाय दुमडून बसते, दुसऱ्या पायाची टाच फरशीवर रोवते आणि ढुंगणावर सरकत थेट चपलांच्या स्टँडपर्यंत जाते. वेगही चांगला आहे.

सासूबाईंचं म्हणणं, वॉकरमध्ये उभी केली की पायात जोर येईल. शेजारच्या काकूंनी नातवाचा जुना वॉकर माळ्यावरून काढून पुसूनही ठेवलाय. माझी आई म्हणते, त्यापेक्षा लाकडी पांगुळगाडा आणा. मालिशवाल्या बाईंचं निदान वेगळंच: तेल कमी पडतंय. गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी डॉक्टर "बघू, थांबा" एवढंच म्हणाले, बाहेर रांग होती.

खरंच थांबावं का? आणि सासूबाईंना न दुखवता वॉकर टाळायचा कसा? मी दिवसभर ऑफिसात, बाळ त्यांच्याच जिवावर आहे.

प्रतिसाद १
मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. वॉकर नकोच. त्यात मूल चवड्यांवर लटकतं, तोल सांभाळायचं काम खुर्चीच करते, त्यामुळे चालणं लवकर येत नाही. शिवाय जिना, गरम चहा, गॅसजवळची वायर, सगळं क्षणात हाताशी. कॅनडाने २००४ साली विक्रीवर बंदी घातली ती अपघातांमुळेच. सासूबाईंना हेच सांगा, "पडेल" हे आजीला लगेच पटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत शंभरातली साधारण चार मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एकट्याने चालण्याचा काळही आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत पसरलेला आहे. बसून सरकणारी मुलं बरेचदा उशिरा चालतात, त्यामुळे वाढदिवसाला चालली नाही म्हणून घाबरू नका. मात्र थांबू नये अशीही लक्षणं असतात: एकच हात वापरणं, एकच बाजू ताठ किंवा ढिली वाटणं, बगलेत धरून उभं केल्यावर पायांवर अजिबात भार न घेणं, आधी जमणारं जमेनासं होणं. सरकताना ती नेहमी तोच पाय पुढे टाकते का, तेही बघा. तसं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून वेगळी वेळ घेऊन दाखवा. लसीच्या रांगेत हे होत नाही.

प्रतिसाद २
दोन बारीक गोष्टी. घेरदार फ्रॉक घालू नका, गुडघा नेमका त्यावर पडतो आणि मूल नाकावर आपटतं. मोजे काढा, गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा जाड चटई पसरा. पालथं आवडत नसेल तर आजीच्या आडव्या मांडीवर पालथी घाला आणि समोर स्टीलची वाटी ठेवा. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. आमच्याकडे खेळण्यांपेक्षा वाटी जास्त चालली. मालिश हवं तर करा, पण बाईंना हातपाय ओढू देऊ नका.

धागाकर्ती
धन्यवाद! बगलेत धरलं तर पाय टेकवते, भारही घेते. पण सरकताना दर वेळी डावाच पाय पुढे असतो. व्हिडिओ काढते आणि वेळ घेते. पांगुळगाडा चालेल का?

प्रतिसाद १
आत्ता नाही. सोफा धरून स्वतःहून उभी राहू लागली, बाजूने पावलं टाकू लागली की आणा. तोही जड बुडाचा, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. हलका असेल तर पुढे पळतो आणि मूल मागे राहतं.