होल-इन-वन धरायचा कधी, आणि बारचं बिल थांबवायचं कुठे?

पार_तीन (प्रश्न):
क्लबच्या गोल्फ कमिटीसाठी एक पानाची नियमावली लिहायची आहे. मेडल राउंड (एकूण फटके मोजायची स्पर्धा) असो की रविवारचा साधा फोरबॉल (चौघांचा खेळ), होल-इन-वन पडला, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून (टीवरून) मारलेला पहिलाच फटका थेट कपात गेला, की वाद ठरलेले: तो धरायचा का, क्लबच्या मानाच्या बोर्डावर नाव कोणत्या पुराव्यावर लावायचं, आणि पार्टीचा खर्च किती. बॉल झेंड्याची काठी आणि कपाची कड यांच्यात अडकला तर काय, हेही हवं आहे. पावसाळ्यात ग्रीन (कपाभोवतालचे बारीक कापलेल्या गवताचे पट्टे) मऊ झाले की असले प्रकार जास्त. जाणकारांनी नेमकं सांगावं.

जुना_मार्कर:
काठीला टेकलेल्या बॉलचं सोपं आहे. काठी हलक्या हाताने काढायची, बॉल आत पडला की झाला होल-इन-वन. नाही पडला तर हलकेच टॅप करून आत ढकलायचा, दोन फटके. कार्डावर सोबत्याची सही घ्या, बोर्डाला तेवढी पुरे.

कडेवरचा_बॉल:
मार्करसाहेब, ते २०१८ पर्यंत. २०१९ पासून नियम १३.२क बदलला. काठीला टेकलेल्या बॉलचा कुठलाही भाग ग्रीनच्या पृष्ठभागाखाली कपात असेल, तर तो तिथेच होल झाला, काठी काढायची गरजच नाही. एकही भाग खाली नसेल तर झालेला नाही, आणि अशा वेळी काठी काढल्यावर बॉल आत पडला तरी उचलून कडेवर परत ठेवायचा, दंड नाही. म्हणून काठीला हात लावण्याआधी गवताच्या पातळीला मोबाइल टेकवून बाजूने एक फोटो काढा. वरून काढलेल्या फोटोत काहीच सिद्ध होत नाही.

बॉल अडकतो का, तेही बघा. कप सव्वाचार इंच, बॉल १.६८ इंच. अर्ध्या इंचाची काठी मधोमध सरळ उभी असेल तर दोन्ही बाजूंना पावणेदोन इंचांहून थोडी जास्त जागा उरते, म्हणजे बॉल जाऊन जेमतेम ५ मिलिमीटर. काठी वाऱ्याने किंवा तळाची खाच झिजल्याने जराशी कलली, की ती जागा गेली. स्पर्धेच्या सकाळी माळ्याला पार-३ च्या (तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलच्या) काठ्या हलवून बघायला सांगा.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. उंचावरून आलेला बॉल कपाच्या ओल्या भिंतीत रुतला आणि त्याचा थोडा भाग पृष्ठभागाच्या वर राहिला, तर होल नाही, मग तो काठीला टेकलेला असला तरी. तिथे पूर्ण बॉल खाली हवा. आत जाऊन उसळून बाहेर आलेलाही नाही, कारण बॉल कपात स्थिरावला पाहिजे.

बाकी नेहमीचे घोळ:

ग्रीन दिसत नाही, बॉल हरवला असं वाटून प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा बॉल) मारला, आणि पहिला कपात सापडला: पहिला धरायचा, दुसरा नसल्यासारखा. ‘प्रोव्हिजनल’ म्हणायचं विसरला तरी फरक नाही, कारण होल आधीच संपलं होतं. शोधायची तीन मिनिटं उलटून गेली तरी तेच. म्हणून झुडपं झोडपण्याआधी एकाने कपात डोकावावं.

पहिला बॉल पाण्यात गेला आणि टीवरून मारलेला दुसरा थेट कपात: दंडाचा एक धरून तो तिसरा फटका, म्हणजे पार. दारू पाजायची हौस असेल तर पाजा, बोर्ड नाही.

धावता बॉल झाडाला, दगडाला किंवा आधी ग्रीनवर पडलेल्या दुसऱ्याच्या बॉलला चुकून लागून आत गेला: चालतो. थांबलेला बॉल कावळ्याने उचलून कपात टाकला: चालत नाही, मूळ जागी ठेवायचा. (आपल्याकडचे कावळे बघता हे वाक्य नियमावलीत असू द्या.)

कार्डावर मात्र लक्ष. मेडलमध्ये गडबडीत १ च्या जागी २ लिहून, सही करून कार्ड दिलं, तर स्पर्धेसाठी २ च राहतात. स्टेबलफर्डमध्ये (प्रत्येक होलला गुण देणाऱ्या स्पर्धेत) पार-३ वर एका फटक्यात होल केल्यास ४ गुण, त्या होलवर हँडिकॅपचा (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीचा) एक फटका मिळत असेल तर ५.

पार_तीन:
फोटोचा मुद्दा लिहून घेतला. आणि एकटाच खेळत असेल तर? साक्षीदार म्हणून आगेवाला (पुढे उभं राहून बॉल कुठे पडतो ते बघणारा) चालेल का?

कडेवरचा_बॉल:
नियमाने फटका खरा, पण बोर्ड हा क्लबचा मान आहे, तिथे कमिटी साक्षीदार मागू शकते. आगेवाला नक्की चालवा, बॉल पडताना बहुतेक वेळा त्यानेच पाहिलेला असतो. अटी अशा ठेवा: किमान ९ होलचा राउंड, एकच बॉल खेळलेला, खेळाडू सोडून एका साक्षीदाराची सही. दोन-तीन बॉल मारत केलेल्या सरावातला नको. तात्पुरत्या ग्रीनवर नियमाच्या मापाचा कप असेल तर धरा, बादलीएवढा खड्डा असेल तर नको.

बारचा_हिशेब:
खर्चावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ‘सगळ्यांना एक राउंड’ यातल्या ‘सगळ्यां’ची व्याख्या नसते, तिथेच बिल फुटतं. समजा क्लब हाउसमध्ये ६० जण आहेत आणि सरासरी ४०० रुपये, म्हणजे २४,००० झाले. त्यात संध्याकाळी नुसते जेवायला आलेले सभासदही ‘अभिनंदन’ करत बारवर येतात. कार्ड जमा झाल्यापासून एक तास, त्या दिवशी खेळलेलेच, आणि एक ठरावीक रक्कम, हे तिन्ही स्टुअर्डला आधी लेखी द्या. रक्कम संपली की बार पुढचं ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकेल.

यापेक्षा बरं म्हणजे निधी. २०० सभासदांकडून वर्षाला ३०० घेतले तर ६०,००० जमतात, आणि ज्याचा बॉल पडला त्याच्या खिशाला चाट बसत नाही. आपल्याकडच्या काही गोल्फर विमा पॉलिसींतही या खर्चाचं कलम असतं, तिथे साक्षीदारांच्या सह्यांचं कार्ड आणि त्याच दिवसाचं बिल लागतं. २ ऑक्टोबरला पडला तर कांदाभजी आणि लिंबू सोडा, निम्म्यात भागतं. कॅडी आणि आगेवाल्याची बक्षिशी मात्र बारच्या रकमेतून कापू नका, वेगळी धरा.

स्पर्धेत गाडीसारखं मोठं बक्षीस लावणार असाल तर कमिटीने वेगळा विमा काढावा. खेळाडूंची संख्या, टीपासून काठीपर्यंतचं किमान अंतर आणि ग्रीनजवळ स्वतंत्र निरीक्षक, असल्या अटी त्यात असतात. सकाळी माळ्याने टी-मार्कर (टीची जागा दाखवणाऱ्या खुणा) पाच यार्ड पुढे सरकवले की दावा अडतो. मोजून फोटो काढा आणि त्या खुणांजवळ माणूस बसवा. हौशी (बिनव्यावसायिक) खेळाडूचा दर्जा जाईल ही काळजी नको: फटका ५० यार्डांहून कमी नसेल तर राउंडमधल्या होल-इन-वनचं बक्षीस रोख असलं तरी घेता येतं.

जुना_मार्कर:
२०१९ चा बदल मान्य, माझी चूक. एक भर घालतो. होल-इन-वनचा बॉल पुढच्या टीवर पुन्हा मारू नका, खिशात वेगळा ठेवा. धुवायचा झाला तर साध्या पाण्याने, थिनर लावलं तर ओळखखूण पुसली जाते आणि बॉल कोणाचा हाच वाद उरतो. कार्ड पेन्सिलीचं असेल तर त्याच दिवशी स्कॅन करा.