ऑफिससाठी चांगला स्टेपलर सुचवा

कर्वेरोडकर:
नमस्कार मंडळी. आमचं छोटं सीएचं ऑफिस आहे, टेबलं पाच आणि स्टेपलरही पाच, पण चालणारा एकच, त्यामुळे दिवसभर "ए स्टेपलर दे रे" चालू असतं. दहा-पंधरा कागदांना अडचण नाही, पण ऑडिटचे सेट पस्तीस-चाळीस पानांचे असतात तिथे पिन अर्धी आत जाते नाहीतर वाकडी होऊन डोक्यावरच बसते. साहेब म्हणतात एकदाच काय तो भारीतला आणा. बजेटचं टेन्शन नाही, कोणता घेऊ?

पेठेतला_पंत:
अहो आधी पिन ठरवा, मग स्टेपलर. तुमच्याकडे ते छोटे दहा नंबरवाले असणार. त्या पिनेचा पाय 5 मिमी. 75 जीएसएमचा (म्हणजे नेहमीचा झेरॉक्सचा) कागद साधारण 0.1 मिमी जाड धरा, म्हणजे चाळीस कागद झाले 4 मिमी, मागे वळायला उरला 1 मिमी, मग ती पकड कशी घेणार? भारीतला दहा नंबर आणलात तरी हेच होणार. त्याचं काम वीस कागदांपर्यंतच.

कर्वेरोडकर:
अच्छा!! मग 24/6 आणि 26/6 लिहिलेलं असतं ते काय?

पेठेतला_पंत:
पहिला आकडा तारेचा गेज, दुसरा पायाची लांबी मिमीमध्ये. गेज वाढला की तार बारीक, म्हणून 26 ची पिन 24 पेक्षा नाजूक. रोजच्या वापराला 24/6 चा स्टेपलर घ्या, कांगारूचा एचडी-45 घ्या डोळे झाकून, तीस कागदांपर्यंत आरामात. त्याच्यापुढे 24/8 पिना मिळतात पण त्या त्या स्टेपलरला चालतात का ते खोक्यावर बघून घ्या, नाहीतर आतच अडकून बसायच्या.

ऑडिटवाली:
पंतांना अनुमोदन, पण चाळीस पानांसाठी रोज 24/6 वर बुक्क्या मारण्यापेक्षा ऑफिसात एक हेवी ड्यूटी ठेवाच, लांब दांड्याचा, 23 सिरीजच्या पिनांचा. 23/8, 23/10, 23/13 अशा पिना एकाच मशीनला चालतात (मॉडेल बघून घ्या). फक्त चाळीस पानांना 23/13 लावू नका, पाय जास्त लांब होऊन मागे एकमेकांवर चढतात आणि गठ्ठा हातात घेतला की बोटाला टोचतात, 23/8 पुरे. आणि ते धूड झेरॉक्स मशीनशेजारी ठेवा, कुणाच्या टेबलावर ठेवलंत तर तो माणूस ऑफिसचा स्टेपलरवाला होतो 😄

शिवाजीनगर_फाईलवाला:
आमच्याकडे कोर्टाची कामं, लीगल साईझ कागद, पन्नासच्या वर पानं गेली की आम्ही पंच करून टॅगच लावतो. नंतर एखादं पान घालायचं आलं तर पिना उपसत कोण बसणार. सगळ्याला स्टेपलर हे उत्तर नाही हो.

ऑडिटवाली:
हे बरोबर. आणि स्कॅनरच्या फीडरमध्ये जाणारे कागद असतील तर स्टेपलरची खालची पट्टी फिरवून बघा, काही स्टेपलरना ती फिरते, मग पिनेचे पाय आत न वळता बाहेर वळतात आणि पिन हाताने ओढून निघते. निम्म्या लोकांना ही सोय माहीतच नसते. फक्त परत फिरवून ठेवायची, नाहीतर पुढचा माणूस क्लायंटला सुटे कागद पाठवतो.

कर्वेरोडकर:
भारी माहिती. मग टेबलांवर 24/6 चे आणि झेरॉक्सपाशी एक 23 वाला. ऑनलाइन मागवू की पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून (अबचौ) आणू?

पेठेतला_पंत:
अबचौ. खिशात तुमच्या सेटएवढे रद्दी कागद न्या आणि दुकानातच मारून बघा, चाळीस नेलेत तर चाळीसच मारा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. पिनाही तिथूनच घ्या, अगदी स्वस्तातल्या नकोत, पावसाळ्यात गंजून कागदावर तांबडे डाग पाडतात आणि जुन्या फाईलींची वाट लागते.

शिवाजीनगर_फाईलवाला:
आणि ते दहा नंबरवाले फेकू नका, पावत्या-व्हाउचरला तेच बरे. फक्त पिनांचे डबे वेगळे ठेवा. दहा नंबरची पिन अरुंद असते, मोठ्यात घातली की तिरकी होऊन अडकते.

कर्वेरोडकर:
अडकली तर काढायची कशी? आमचा मुलगा कर्कटक घालतो.

ऑडिटवाली:
कर्कटक नको, तोंडाची पट्टी वाकते. वरचं झाकण पूर्ण उघडा, सगळ्या पिना बाहेर काढा, पुढची अडकलेली चिमट्याने सरळ पुढे ओढा.