बिल ईमेलवर म्हणे, मंग कागद कोन देईन?

पराटीवाला (आर्वी तालुका): काल कृषी केंद्रातून पराटीच्या (कपाशीच्या) बियाण्याच्या ४ थैल्या घेतल्या. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "काका, ईमेल सांगा, बिल तिकडंच येते." माहा ईमेल पोट्टीनं काढून देल्ला, पासवर्ड तिच्यापाशी, अन् ती नागपूरले. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीले काय पोट्टीले घेऊन जाऊ?

तूरवाला: कागदी बिलच माग, भाऊ. बिलावरचा लॉट नंबर टॅगशी जुळवून पाह्य. थैली खालून फाड, टॅग शाबूत राह्यला पाहिजे. मूठभर बियाणंही ठेव.

गावाबाहेरचा: मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना सांगितलं होतं, मोबाईल नंबरसाठी गिऱ्हाइकाला अडवू नका. ईमेलचंही तेच समजा. आणि मशीनमधून निघालेल्या बिलाचा फोटो काढा, तो कागद उन्हानं कोरा पडतो.

पराटीवाला: खरं हाये! मागच्या सालचं डब्यातून काढलं, पांढरंफटक. आज जाऊन सही-शिक्क्याचं हातबिल आणलं, पोरगा जरा फुगला. पोट्टीले फोन लावला तं हासते, "बाबा, तुमच्या ईमेलात नुसत्या चपलांच्या जाहिराती हायेत." दिवाळीले चपला घेतल्या होत्या, तवा देल्ला होता ईमेल.